बेरिंग सामुद्रधुनी : अनुमान, मोजमाप आणि सीमारेषा

प्रस्तावना

आशिया आणि उत्तर अमेरिका या दोन खंडांना विभागणारी बेरिंग सामुद्रधुनी आपल्याकडील शालेय भूगोलात दोन-तीन ओळींत संपते. दोन खंडांमधील चिंचोळे अंतर, जवळून जाणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा आणि फार तर हिमयुगातील भूसेतू, एवढाच तिचा परिचय करून दिला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र या सामुद्रधुनीत आणखी काही सापडण्यासारखे आहे. दूरच्या राजधान्यांत बसून केलेली अनुमाने आणि प्रत्यक्ष पाण्यावर जाऊन घेतलेले मोजमाप यांतील तफावत ज्या ठिकाणी पुन्हा पुन्हा उघडी पडली, अशा जगातील मोजक्या जलमार्गांपैकी ही एक होय. ती तफावत नुसती विद्वत्तेची बाब राहिली नाही. तिच्यापायी जहाजे बुडाली, माणसे मेली आणि एकाच भाषेची, एकाच गोतातील कुटुंबे दोन राष्ट्रांत वाटली गेली. प्रस्तुत निबंधात या सामुद्रधुनीचे भूगोल व सागरविज्ञान हे ज्ञान कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अडथळ्यांतून घडत गेले, याचा मागोवा घेतला आहे.

स्थान व स्वरूप

रशियाच्या चुकोत्का द्वीपकल्पावरील देझनेव्ह भूशिर आणि अलास्कातील प्रिन्स ऑफ वेल्स भूशिर यांच्यामध्ये सुमारे ८५ किलोमीटर रुंदीची ही पट्टी आहे. तिच्या दक्षिणेस बेरिंग समुद्र, म्हणजे पर्यायाने पॅसिफिक महासागर. उत्तरेस चुक्ची समुद्र व त्यापलीकडे आर्क्टिक महासागर. आर्क्टिक वृत्त सामुद्रधुनीच्या थोडे उत्तरेस आहे. येथील पाण्याची खोली केवळ ५० मीटरच्या आसपास भरते. ज्या दोन महासागरांना ती जोडते त्यांच्या तळाची खोली हजारो मीटरमध्ये मोजावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही सामुद्रधुनी वस्तुतः बुडालेल्या जमिनीवरील पाण्याचा एक पातळ थर आहे हे उमगते.

सामुद्रधुनीच्या जवळजवळ मध्यभागी दोन खडकाळ बेटे आहेत. मोठे डायोमीड रशियाचे, धाकटे डायोमीड अमेरिकेचे. दोहोंमध्ये चार किलोमीटरहूनही कमी अंतर. वाररेषा या दोन बेटांच्या मधून जाते, त्यामुळे धाकट्या बेटावर जेव्हा सोमवार असतो तेव्हा समोरच्या बेटावर बहुतेक वेळ मंगळवार असतो. हिवाळ्यात सामुद्रधुनी सागरी बर्फाने आच्छादली जाते. उन्हाळ्यात बर्फ हटतो खरा, पण थंड पाण्यावर तुलनेने उबदार हवा आली की दाट धुके पसरते. हे धुके हवामानाच्या कोष्टकातील किरकोळ नोंद समजून सोडून देता येत नाही. या प्रदेशाच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या चुकीचे ते निम्मे कारण आहे.

समुद्राच्या आधीची जमीन

अमेरिकेत माणूस कोठून आला, या प्रश्नाचे उत्तर देताना होसे दे अकोस्ता या स्पॅनिश जेझुइट पंडिताने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे अनुमान मांडले की, नव्या जगाचा जुन्या जगाशी कोठेतरी जमिनीने संबंध असावा किंवा त्या दोहोंत फार अंतर नसावे. अकोस्ताने सामुद्रधुनी पाहिली नव्हती. तिचे अस्तित्वही तेव्हा युरोपात कोणास निश्चित ठाऊक नव्हते. केवळ तर्काने केलेले आणि बऱ्याच अंशी खरे ठरलेले असे अनुमान या साऱ्या कथेत विरळच.

हिमयुगाच्या परमोच्च काळी पृथ्वीवरील प्रचंड पाणी हिमस्तरांत अडकून पडल्याने समुद्रपातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. साहजिकच सामुद्रधुनीचा उथळ तळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा विस्तीर्ण भूखंडमंच उघडा पडला. एरिक हुल्टेन या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये या प्रदेशाला ‘बेरिंजिया’ हे नाव दिले. त्याने दोन्ही किनाऱ्यांवरील वनस्पतींचे साम्य तपासले होते. ‘भूसेतू’ या शब्दामुळे अरुंद पुलाची जी कल्पना मनात येते ती येथे दिशाभूल करणारी आहे. बेरिंजिया उत्तर-दक्षिण हजार किलोमीटरहून अधिक रुंद असा गवताळ प्रदेश होता. त्यावर मॅमथ, रानघोडे आणि गवे चरत होते. त्यावरून चालत जाणाऱ्याला आपण एका खंडातून दुसऱ्या खंडात जात आहोत याची जाणीव होण्याचे काहीच कारण नव्हते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हा भूप्रदेश सुमारे ३५,७०० वर्षांपूर्वीपर्यंत पाण्याखालीच होता, म्हणजे पूर्वी समजले जात होते त्यापेक्षा तो बराच उशिरा वर आला. पुढे हिमस्तर वितळत गेले आणि साधारण १३,००० ते ११,००० वर्षांपूर्वीच्या काळात पॅसिफिकचे पाणी पुन्हा उत्तरेकडे शिरले. भूगर्भीय कालमानाने पाहता आजची सामुद्रधुनी तरुण आहे.

कागदावरील सामुद्रधुनी आणि दप्तरातील अहवाल

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नकाशाकारांनी आशिया व अमेरिका यांच्यामध्ये ‘अनियान’ नावाची एक सामुद्रधुनी दाखविण्यास प्रारंभ केला. तिला कोणत्याही प्रत्यक्ष प्रवासाचा आधार नव्हता. पुढची दीडशेहून अधिक वर्षे हे नाव नकाशांवर इकडून तिकडे सरकत राहिले. कोणी ते उत्तरेस नेले, कोणी कॅलिफोर्नियाच्या जवळ आणले.

याउलट जो प्रवास खरोखर घडला तो कागदपत्रांत हरवला. १६४८ च्या उन्हाळ्यात सेम्योन देझनेव्ह हा कोसॅक आणि फेदोत पोपोव्ह हा व्यापाऱ्याचा प्रतिनिधी असे दोघे सैबेरियातील कोलिमा नदीच्या मुखातून सुमारे नव्वद माणसे घेऊन निघाले. त्यांना अनादीर नदी, तेथील लोकांकडून मिळणारी लोकर व वालरसचे सुळे हवे होते. भूगोलाचा प्रश्न सोडविणे हा त्यांचा हेतूच नव्हता. सात लहान गलबतांपैकी बहुतेक वाटेत नष्ट झाली. देझनेव्हचे गलबत आशियाच्या पूर्व टोकाला वळसा घालून अनादीरच्या दक्षिणेस किनाऱ्याला लागले. दोन खंड जमिनीने जोडलेले नाहीत ही गोष्ट त्या प्रवासाने सिद्ध झाली होती. पण ती सिद्ध झाली आहे हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. देझनेव्हचे अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिले आणि गेरहार्ड म्युलर या इतिहासकाराच्या हाती ते १७३६ मध्ये लागले. मधल्या ८८ वर्षांत रशियाच्या राजदरबाराने हाच प्रश्न सोडविण्यासाठी स्वतंत्र मोहीम काढून ती परतही आली होती.

देझनेव्हच्या प्रवासाविषयी पुढे वादही झाला. अमेरिकन इतिहासकार फ्रँक गोल्डर यांनी १९१४ मध्ये त्याच्या सत्यतेविषयीच शंका घेतली. अशा उघड्यावाघड्या गलबतांतून, बर्फाने भरलेल्या समुद्रातून हा प्रवास शक्य नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. रेमंड फिशर यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मूळ कागदपत्रांची बारकाईने छाननी करून ही शंका निराधार ठरविली. गोल्डर यांचा आक्षेप आज मान्य होण्यासारखा नसला, तरी त्यामुळे कागदपत्रांची नव्याने तपासणी झाली, हे मान्य करावयास हवे.

धुक्यातून गेलेला बेरिंग

झार पीटरने मृत्यूच्या थोडे आधी, १७२४-२५ च्या हिवाळ्यात, डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या आणि रशियन आरमारात असलेल्या व्हिटस बेरिंगला कामचट्काहून उत्तरेकडे जाण्याची आज्ञा दिली. सामान आणि माणसे सेंट पीटर्सबर्गहून सैबेरियाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यातच तीन वर्षे गेली. १७२८ च्या जुलैमध्ये ‘संत गाब्रिएल’ हे जहाज कामचट्काच्या किनाऱ्यावरून निघाले.

ऑगस्टमध्ये चुक्ची लोकांची एक कातडी नाव जहाजाजवळ आली. दुभाष्यामार्फत त्यांच्याकडून किनाऱ्याची आणि जवळच्या बेटाची माहिती मिळाली. त्यानंतर १३ ऑगस्टला, त्या वेळच्या रशियन पंचांगानुसार, बेरिंगने आपल्या दोन अधिकाऱ्यांना लेखी मत विचारले. चिरिकोव्हचे मत असे की, कोलिमाच्या मुखापर्यंत किंवा बर्फ आडवा येईपर्यंत पुढे गेल्याखेरीज दोन खंड वेगळे आहेत असे म्हणता येणार नाही. स्पान्बर्गचे मत आणखी तीन दिवस पुढे जाऊन परतावे असे होते. बेरिंगने स्पान्बर्गचे ऐकले. ६७ अंश १८ मिनिटे उत्तर अक्षांशावरून जहाज मागे फिरले. परतताना संत डायोमीडच्या सणाच्या दिवशी दिसलेल्या बेटाला तेच नाव पडले. पूर्वेकडील अमेरिकेचा किनारा मात्र जाताना दिसला नाही आणि येतानाही नाही. स्वच्छ हवेत तो दिसण्यासारख्या अंतरावर होता. त्या दिवसांत तो धुक्याआड राहिला.

राजधानीत बेरिंगच्या निष्कर्षावर टीका झाली. ती अगदीच अन्यायाची म्हणता येत नाही, कारण त्याने पुरावा अर्ध्यावर सोडला होता. तथापि त्याच्या जबाबदारीचाही विचार केला पाहिजे. हिवाळा तोंडावर, पुढे अज्ञात किनारा, आणि हाताखाली तीन वर्षांच्या प्रवासाने थकलेली माणसे! चिरिकोव्ह शास्त्राच्या दृष्टीने बरोबर होता, कप्तान म्हणून बेरिंग. चारच वर्षांनी, १७३२ मध्ये, मिखाईल ग्वोझदेव्ह व इव्हान फ्योदोरोव्ह यांनी त्याच जहाजातून जाऊन अलास्काचा किनारा पाहिला. त्यांची नोंदही काही वर्षे दुर्लक्षितच राहिली. सामुद्रधुनीचे दोन्ही किनारे एका प्रवासात पाहणाऱ्यांच्या वाट्याला तिचे नाव आले नाही.

कुक आणि चुकीचा नकाशा

१७७८ मध्ये जेम्स कुक आपल्या तिसऱ्या सफरीत येथे पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळ सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचे सचिव याकोब फॉन श्टेलिन यांचा नकाशा होता. त्यात अलास्का हे एक बेट दाखविले होते आणि त्याच्या पूर्वेस उत्तरेकडे जाणारा रुंद जलमार्ग होता. आपल्यासोबत आणखी एक अनुमान कुकने नेले होते. समुद्राचे खारे पाणी गोठत नाही, सागरावरील बर्फ नद्यांतून येतो, तेव्हा किनाऱ्यापासून दूर ध्रुवाकडे समुद्र मोकळा असणार, असे त्या काळी इंग्लंडमधील काही विद्वान आग्रहाने सांगत होते.

दोन्ही गोष्टी काही आठवड्यांत कोसळल्या. श्टेलिनचा जलमार्ग अस्तित्वात नव्हता. ऑगस्टमध्ये कुकने प्रिन्स ऑफ वेल्स भूशिराला नाव दिले, दोन्ही किनाऱ्यांची स्थाने निश्चित केली आणि तो सामुद्रधुनीतून पुढे गेला. ७० अंश ४४ मिनिटांवर त्याच्यासमोर बर्फाची सलग भिंत उभी राहिली. आपल्या रोजनिशीत त्याने श्टेलिनच्या नकाशावर कडक टीका केली. बेरिंगच्या निरीक्षणांविषयी मात्र त्याने आदर दाखविला. बेरिंगचे नाव या सामुद्रधुनीला चिकटले ते कुकच्या प्रवासानंतरच.

ज्यांना ती ‘सापडावी’ लागली नाही

शोधयात्रांच्या या वृत्तान्तात एक गोष्ट सहज झाकली जाते. युरोपातील पंडित सामुद्रधुनी आहे की नाही याची चर्चा करीत असताना चुक्ची, युपिक आणि इनुपियाक लोक ती नेहमीच ओलांडत होते. वालरसच्या कातड्याने मढविलेल्या नावांतून उन्हाळ्यात व्यापार चाले, लढायाही होत. चुकोत्कातून रेनडिअरची कातडी पूर्वेस जात. अलास्कातून मऊ लोकरीची कातडी व लाकडी वस्तू पश्चिमेस येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलिमाच्या परिसरातील अन्यूई नदीकाठी रशियन जत्रा भरू लागली. तेथील तंबाखू आणि लोखंडी भांडी चुक्ची मध्यस्थांच्या हातून सामुद्रधुनी ओलांडून अलास्काच्या आतील भागापर्यंत पोहोचत. डायोमीड बेटांवरील लोक या व्यवहारातील दलाल होते.

या व्यवस्थेला पहिला धक्का बसला तो व्हेलच्या शिकारीने. १८४८ मध्ये थॉमस रॉइस हा अमेरिकन कप्तान ‘सुपीरियर’ हे शिकारी जहाज घेऊन सामुद्रधुनीतून उत्तरेस गेला. जाड चरबीचे, संथ पोहणारे बोहेड व्हेल त्याला विपुल सापडले. दोनच वर्षांत शंभराहून अधिक जहाजे या पाण्यात आली. व्हेल कमी होताच वालरसकडे मोर्चा वळला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखाहून अधिक वालरस मारले गेले. वालरस हे किनाऱ्यावरील लोकांचे अन्न, नावेचे कातडे आणि दिव्याचे तेल होते. १८७८ ते १८८० या काळात सामुद्रधुनीच्या दक्षिणेकडील सेंट लॉरेन्स बेटावर पडलेल्या दुष्काळात बहुतांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली आणि अनेक वस्त्या ओस पडल्या. त्याचे कारण प्रतिकूल हवामान, रोगराई, मद्य की वालरसची कत्तल, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एकट्या मद्याला दोष देणारे तत्कालीन अमेरिकन अधिकाऱ्यांचे स्पष्टीकरण मात्र अपुरे आणि सोयीचे वाटते.

उबदार प्रवाहाचे मृगजळ

मोकळ्या ध्रुवीय समुद्राची कल्पना कुकच्या अनुभवानेही मेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिला नव्या सागरविज्ञानाचा वेष मिळाला. जर्मन भूगोलतज्ज्ञ आउगुस्ट पेटरमान आणि अमेरिकन आरमारातील सिलास बेंट यांच्या मते पॅसिफिकमधील कुरोशिओ हा उबदार प्रवाह बेरिंग सामुद्रधुनीतून आर्क्टिकमध्ये शिरत असला पाहिजे. त्याचा माग धरून गेल्यास बर्फाचा पट्टा ओलांडून ध्रुवाजवळील मोकळ्या पाण्यात जाता येईल.

या विचारावर विसंबून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या मालकाच्या खर्चाने लेफ्टनंट जॉर्ज डी लाँग १८७९ मध्ये ‘जॅनेट’ जहाज घेऊन निघाला. स्वीडनच्या नॉर्डेनशेल्डच्या ‘वेगा’ जहाजाचाही शोध घेण्यास त्याला सांगितले होते. ‘वेगा’ सामुद्रधुनीच्या अलीकडे बर्फात दहा महिने अडकून पडली होती, परंतु २० जुलै १८७९ ला ती सुखरूप सामुद्रधुनीतून बाहेर पडली. ‘जॅनेट’ त्या वेळी सॅन फ्रान्सिस्को सोडून उत्तरेकडे निघालेलीच होती. सप्टेंबरच्या प्रारंभी हेरल्ड बेटाजवळ ती बर्फात रुतली आणि पुन्हा सुटली नाही. जवळजवळ दोन वर्षे बर्फाबरोबर वाहत जाऊन जून १८८१ मध्ये ती बुडाली. ३३ जणांपैकी २० जण मेले. त्यांत लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशात उपासमारीने गेलेला डी लाँगही होता.

‘जॅनेट’ बर्फात असतानाच, १८८० च्या उन्हाळ्यात, अमेरिकन किनारा सर्वेक्षण खात्याचा विल्यम हीली डॉल ‘युकॉन’ या लहान जहाजातून सामुद्रधुनीत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पाण्याचे तापमान मोजत होता. कुरोशिओची ओळखू येण्याजोगी शाखा येथे येत नाही. जे थोडे उबदार पाणी अलास्काच्या बाजूस आढळते ते स्थानिक उथळ आखातांतून येते. आणि इतक्या उथळ फटीतून ध्रुवीय बर्फावर परिणाम करण्याइतकी उष्णता जाऊच शकत नाही, असे त्याचे निष्कर्ष होते. ज्या मोजणीने ‘जॅनेट’च्या मोहिमेचा पायाच काढून घेतला, ती मोहीम निघून गेल्यानंतर वर्षभराने झाली. ‘जॅनेट’चे म्हणून ओळखले गेलेले अवशेष १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. त्यावरून आर्क्टिकमध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा बर्फाचा संचार असला पाहिजे हे ताडून नान्सेनने १८९३ मध्ये आपले ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकविले. एका चुकीच्या अनुमानाच्या अवशेषांतून दुसरे बरोबर अनुमान निघाले; किंमत आधीच दिली गेली होती.

पाणी कोठे जाते

कुरोशिओविषयी डॉल बरोबर होता. उष्णतेविषयीचा त्याचा शेवटचा निष्कर्ष मात्र शंभर-सव्वाशे वर्षांनी दुरुस्त करावा लागला. लॉरेन्स कोचमन, क्नूट ऑगार्ड आणि रिचर्ड ट्रिप यांच्या १९७५ च्या ग्रंथाने सामुद्रधुनीच्या भौतिक सागरविज्ञानाची पद्धतशीर मांडणी केली. १९९० पासून तळाला नांगरलेल्या उपकरणांनी येथे जवळजवळ अखंड मोजणी चालू झाली. रेबेका वुडगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोजणीतून मांडलेले चित्र असे :

सरासरीने पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि तेही बहुधा समोरून येणाऱ्या उत्तरेच्या वाऱ्याला न जुमानता. त्याचे कारण दाबातील फरकात आहे. पॅसिफिकचे पाणी अटलांटिक व आर्क्टिकच्या पाण्यापेक्षा कमी खारट, म्हणून हलके. त्यामुळे पॅसिफिकची पातळी आर्क्टिकपेक्षा सुमारे ४० सेंटीमीटर उंच राहते. उतार असला की पाणी वाहणारच. वारा जोराने उलट वाहू लागला की प्रवाह काही दिवस मंदावतो, क्वचित उलटतोही. या प्रवाहाचे वार्षिक सरासरी प्रमाण सेकंदाला दहा लाख घनमीटरच्या आसपास आहे. जगातील सर्व नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात त्याच्या हे जवळपास जाते. २००१ मध्ये हा आकडा सुमारे सात लाख होता, २०११ मध्ये सुमारे अकरा लाख.

प्रवाह सर्वत्र एकसारखा नाही. रशियाच्या बाजूने अनादीरच्या आखाताकडून थंड, अधिक खारट आणि पोषक द्रव्यांनी समृद्ध असे पाणी येते; समुद्रतळावरील जीवसृष्टी, तिच्यावर पोसले जाणारे करडे व्हेल आणि वालरस यांचा तो आधार आहे. अलास्काच्या किनाऱ्यालगत उन्हाळ्यात युकॉन व इतर नद्यांच्या पाण्याने मिसळलेला उबदार, गोडसर पट्टा वाहतो. आर्क्टिकला मिळणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश या एकाच फटीतून जाते आणि पुढे ग्रीनलंडच्या दोन्ही बाजूंनी अटलांटिकमध्ये उतरते. २००७ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचा बर्फ विक्रमी प्रमाणात कमी झाला. त्या वर्षी सामुद्रधुनीतून गेलेली उष्णता त्या हंगामात वितळलेल्या बर्फाच्या सुमारे एक-तृतीयांश बर्फ वितळविण्यास पुरेशी होती. पेटरमानला अपेक्षित असलेला महामार्ग येथे नव्हताच. पण डॉलला वाटले तेवढी ही फट निरुपद्रवीही नव्हती.

हे सारे हाती नसताना, १९५० च्या दशकात, प्योत्र बोरिसोव्ह या सोव्हिएत अभियंत्याने सामुद्रधुनीवर धरण बांधून पंपांनी पाणी इकडून तिकडे करावे आणि आर्क्टिक उबदार करावा अशी योजना मांडली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. अनियानपासून चालत आलेल्या परंपरेतील हे बहुधा सर्वांत महागडे अनुमान ठरले असते.

दोन बेटांमधील रेषा

३० मार्च १८६७ च्या करारान्वये रशियाने अलास्का ७२ लाख डॉलरला अमेरिकेस विकला. सीमा दोन डायोमीड बेटांच्या बरोबर मधून जाईल आणि तेथून सरळ उत्तरेस, अमर्याद, गोठलेल्या महासागरात शिरेल, असे कराराच्या पहिल्याच कलमात ठरले. बेटांवरच्या लोकांना कोणी विचारले नाही. जवळजवळ ऐंशी वर्षे त्या रेषेने त्यांचे फारसे अडलेही नाही. लग्नसंबंध, देवघेव, शिकार पूर्वीप्रमाणे चालू राहिली. स्थानिक रहिवाशांच्या भेटीगाठींना १९३८ मध्ये दोन्ही सरकारांनी औपचारिक मान्यताही दिली.

१९४८ मध्ये शीतयुद्धाच्या वातावरणात ही ये-जा बंद झाली. मोठ्या डायोमीडवरील रहिवाशांना सोव्हिएत सरकारने मुख्य भूमीवर हलविले आणि बेटावर सीमारक्षकांची ठाणी उरली. देझनेव्ह भूशिराजवळचे नौकान हे युपिक गावही १९५८ मध्ये बंद करण्यात आले व तेथील लोक वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरले गेले. नौकानची स्वतंत्र बोली होती. गाव मोडल्यावर ती बोलणारे एकत्र राहिले नाहीत. सामुद्रधुनीच्या इतिहासात जहाजांच्या आपत्तींची सविस्तर वर्णने आहेत. या स्थलांतराची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे.

७ ऑगस्ट १९८७ रोजी लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू धाकट्या डायोमीडवरून मोठ्या डायोमीडपर्यंत सुमारे दोन तासांत पोहत गेली. पाण्याचे तापमान काही ठिकाणी चार अंशांच्याही खाली होते. त्याच वर्षी डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये गोर्बाचेव्ह यांनी तिचा जाहीर उल्लेख केला. जून १९८८ मध्ये अलास्कातील नोम येथून चुकोत्कातील प्रोविदेनिया येथे विमानाने गेलेले लोक चाळीस वर्षांनी नातलगांना भेटले. पुढे स्थानिक रहिवाशांना व्हिसाविना भेटीची सोयही झाली. १ जून १९९० च्या सागरी सीमाकराराला अमेरिकेच्या सिनेटने १९९१ मध्ये संमती दिली. रशियन संसदेने ती अद्याप दिलेली नाही. करार तात्पुरत्या स्वरूपात पाळला जातो. बर्फ घटल्याने जहाजांची ये-जा वाढली, तेव्हा दोन्ही देशांनी मिळून मांडलेल्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सामुद्रधुनीत दुहेरी जलमार्ग आखून दिले. ते १ डिसेंबर २०१८ पासून लागू आहेत.

सागरविज्ञानाची मोजणीही याच रेषेवर अडखळत आली आहे. प्रवाहाचा सुमारे अर्धा भाग रशियन हद्दीतील खाडीतून जातो. ‘रुसाल्का’ या संयुक्त प्रकल्पात २००४ पासून काही वर्षे तेथेही उपकरणे नांगरता आली. दोन्ही बाजूंच्या नोंदी ताडून पाहता आल्या आणि बेटांच्या थोडे उत्तरेस, अमेरिकन हद्दीत ठेवलेल्या एका केंद्रावरून संपूर्ण प्रवाहाचा समाधानकारक अंदाज बांधता येतो असे दिसून आले. परवानग्या थांबल्यावर मोजणीचा भार पूर्णपणे त्या केंद्रावर आणि अलास्काच्या बाजूच्या उपकरणांवर पडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाशी असलेले वैज्ञानिक सहकार्य जवळजवळ खुंटले. पोषक द्रव्ये आणणारे अनादीरचे पाणी पश्चिमेकडील खाडीत शिरते कसे आणि बदलते कसे, हे त्यामुळे पुन्हा पूर्वेच्या बाजूने ताडावे लागत आहे.

धाकट्या डायोमीडवरील गावात २०२० च्या जनगणनेनुसार शंभराहूनही कमी लोक होते. वालरसची शिकार आजही त्यांच्या उपजीविकेचा भाग आहे. धुके नसेल तेव्हा समोरचे बेट त्यांना दिसते. तेथील जुन्या वस्तीला ते अद्याप इमाक्लिक या नावानेच ओळखतात.